आणीबाणीतील प्रचार : विश्वास ठेवणाऱ्यांचा दोष किती?

दिल्लीतील जुन्या मंडळींशी आणीबाणीविषयी बोलू लागले, की एक वाक्य हमखास ऐकू येते. "काही म्हणा, त्या दिवसांत गाड्या वेळेवर धावत, भाव उतरले होते आणि कचेऱ्यांत माणसे दहाच्या ठोक्याला हजर असत." हे वाक्य मी निवृत्त प्राध्यापकांकडून ऐकले आहे, सदर बाजारातील व्यापाऱ्यांकडून ऐकले आहे, आणि पहाडगंज-करोलबागेत आयुष्य काढलेल्या मराठी कुटुंबांतही ऐकले आहे. ही माणसे ना भोळी आहेत, ना लबाड. मग १९७५ ते १९७७ या एकवीस महिन्यांत सरकारने जे सांगितले, ते त्यांना पटले कसे? आणि पटले, तर तो त्यांचा अपराध मानावा काय?

प्रथम बातमीचा पुरवठा पाहू. २५ जून १९७५ च्या रात्री बहादूरशाह जफर मार्गावरील छापखान्यांची वीज तोडण्यात आली. 'हिंदुस्तान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' ही पत्रे दुसऱ्या दिवशी निघू शकली, कारण त्यांच्या इमारतींना वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून मिळत असे आणि ती तोडण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. (दडपशाहीलाही खातेनिहाय अधिकारक्षेत्राची मर्यादा पडते, हे प्रशासनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे.) पुढे पूर्वनियंत्रण आले, बीबीसीच्या मार्क टली यांना देश सोडावा लागला, प्रेस कौन्सिल बरखास्त झाली, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये चारही वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था उरली. आकाशवाणी सरकारचीच होती.

परंतु केवळ कोंडीने विश्वास उत्पन्न होत नाही. कोंडीने संशयही उत्पन्न होतो. विश्वास उत्पन्न झाला तो दुसऱ्या कारणाने : सांगितलेल्या गोष्टींपैकी पुष्कळशा खऱ्या होत्या. १९७४-७५ या वर्षात घाऊक किमतींची वाढ सुमारे २५ टक्के होती. १९७५-७६ मध्ये ती शून्याच्याही खाली गेली. गृहिणीला हे सांगायला आकाशवाणीची गरज नव्हती; तिला ते वाण्याच्या दुकानात दिसत होते. खोटे होते ते कारण. भाव सप्टेंबर १९७४ नंतरच, म्हणजे आणीबाणीच्या नऊ महिने आधी, उतरणीला लागले होते. जुलै १९७४ च्या अध्यादेशांनी वाढीव महागाईभत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत वळवला होता आणि लाभांशावर मर्यादा घातली होती. त्यात १९७५ चा पाऊस उत्तम झाला आणि धान्याचे उत्पादन ९.९८ कोटी टनांवरून १२.१ कोटी टनांवर गेले. वरुणराजाने वीसकलमी कार्यक्रम वाचला नव्हता. पण दोन घटना लागोपाठ घडल्या, आणि पहिलीमुळे दुसरी घडली असे फलकांवर लिहिले गेले. ज्याच्याजवळ घाऊक किमतींचे मासिक निर्देशांक नाहीत, त्याने हे कसे ओळखावे? अर्थशास्त्राच्या पदवीधरांनाही कालक्रम आणि कार्यकारणभाव यांतला फरक परीक्षेपुरताच आठवतो, हा माझा अनुभव आहे.

मराठी माणसाला अधिक जवळचे उदाहरण विनोबांचे. पवनारला मौनात असताना त्यांनी 'अनुशासनपर्व' हा शब्द लिहून दिला, आणि तो देशभर फलकांवर झळकला. महाभारताचे तेरावे पर्व शरपंजरी पडलेल्या भीष्मांच्या उपदेशाचे आहे; तेथे ऐकणारा राजा आहे आणि सांगणारा सत्ता नसलेला वृद्ध. मौन सुटल्यावर, जानेवारी १९७६ च्या आचार्य संमेलनात, विनोबांनी भेद स्पष्ट केला : सत्ताधाऱ्यांचे ते शासन, आचार्यांचे ते अनुशासन. या खुलाशाला फलकांवर जागा मिळाली नाही. ज्यांनी फलक वाचला त्यांनी सरकारवर नव्हे, विनोबांवर विश्वास ठेवला होता. भूदानासाठी वर्षानुवर्षे देश पायी तुडवलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा दोष असेल, तर कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवणे हा दोषच मानावा लागेल.

सामान्य माणसाला बातमी पडताळण्याची किंमत मोजावी लागते : वेळ, ओळखीपाळखी, आणि त्या काळात तुरुंगाचा धोकाही. फायदा मात्र नगण्य, कारण सत्य कळूनही एकट्याच्या हातून काही होणार नसते. अशा वेळी माणूस आपल्या अनुभवाशी जुळेल ते मान्य करतो. याचा पुरावा मार्च १९७७ च्या निवडणुकीत आहे. आकाशवाणी सर्वत्र तीच, 'समाचार' तीच. तरीही उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीत काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही, तर आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ मिळाल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी २०. इतर कारणे होतीच; पण नसबंदीची सक्ती आणि झोपड्यांवरचे बुलडोझर यांचा जोर ज्या प्रदेशात अधिक, तेथे प्रचार निष्प्रभ ठरला. तुर्कमान गेटच्या रहिवाशाला एप्रिल १९७६ मध्ये काय घडले हे वर्तमानपत्राने सांगावे लागले नाही. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती, आणि त्याच संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' दाखवला. मैदान तरीही भरले.

तेव्हा सर्वांनाच निर्दोष सोडावे काय? मला तसे वाटत नाही. दोष माहितीच्या प्रमाणात वाढतो. कराडच्या साहित्य संमेलनात, डिसेंबर १९७५ मध्ये, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. दुर्गाबाईंजवळ कोणती गुप्त फाईल नव्हती. जे त्यांना ठाऊक होते, ते सभामंडपातील पुष्कळांना ठाऊक असणार. पुढच्या वर्षी त्या तुरुंगात गेल्या. त्यांच्याएवढे धैर्य प्रत्येकाकडून मागता येत नाही हे खरे, पण 'आम्हाला काही कळलेच नाही' ही सबब शिकलेल्यांना सहजी देता येत नाही, हेही खरे.

आणि आम्हा अधिकाऱ्यांना तर मुळीच नाही. मी त्या वेळी लहान होतो. परंतु नंतरच्या नोकरीत प्रसिद्धिपत्रकांचे मसुदे माझ्याही टेबलावरून गेले आहेत. ज्या हाताने उद्दिष्टांचे तक्ते भरले जातात, त्या हाताला 'जनतेचा उत्स्फूर्त प्रतिसाद' या शब्दांची खरी किंमत माहीत असते. शहा आयोगाच्या १९७८ च्या अहवालांत असे हात पुष्कळ सापडतात. एमा टार्लो यांनी पूर्व दिल्लीतील 'वेलकम' वसाहतीच्या जुन्या फायली पाहिल्या, तेव्हा आणखी अवघड चित्र दिसले. भूखंड टिकवण्यासाठी नसबंदीचे प्रमाणपत्र लागे. ज्याला स्वतःची शस्त्रक्रिया नको असे, तो आपल्याहून गरीब माणसाला पैसे देऊन त्याची करवून घेई. फाईलवर त्याची नोंद 'प्रेरक' अशी. या लोकांनी प्रचारावर तिळमात्र विश्वास ठेवला नव्हता. तरीही त्यांनी तो खरा करून दाखवला. त्यांना दोष देताना माझी लेखणी अडखळते. तो तक्ता आखणाऱ्याला देताना अडखळत नाही.

प्रचाराची किंमत मात्र प्रचार संपल्यावर वसूल होते. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील जर्मन अत्याचारांच्या अतिरंजित कथा ब्रिटनमध्ये पसरल्या. नंतर त्यांतील अतिशयोक्ती उघड झाली, आणि १९४२ मध्ये ज्यूंच्या संहाराच्या खऱ्या बातम्या आल्या तेव्हा त्या आठवणीने अनेकांना साशंक केले. आपल्याकडे शाळेत टोचली जाणारी लस म्हणजे नसबंदीचेच इंजेक्शन, अशी अफवा उठली आणि पालकांनी मुलांना शाळेतून घरी नेले. सरकारचे खरे बोलणेही मग कोणी ऐकेना. १९७६-७७ मध्ये देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. पुढील वर्षी एकूण आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास आला. खात्याचे नाव 'कुटुंब नियोजन'ऐवजी 'कुटुंब कल्याण' झाले. पुरुष मात्र परत आले नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के.