चक्रवाकाची साक्ष: पोथींतील पक्षी आणि पाण्यावरील पक्षी

जुन्या पोथींत पक्ष्याचें नांव आलें कीं आपण कोश उघडतों, ‘एक जलचर पक्षी’ एवढा अर्थ टिपतों आणि पुढें जातों. गांवाच्या किंवा पुरुषाच्या नांवाविषयीं कोणी इतकी ढिलाई केली, तर त्यास आपण संशोधक म्हणणार नाहीं. पक्ष्यांच्या बाबतींत मात्र ती चालून जाते. ती चालूं नये, आणि तिच्यावरील उपाय गांवाबाहेरच्या तळ्यापर्यंत चालत जाण्याइतका सोपा आहे, हें एका उदाहरणानें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याच्या बाजूस पूर्णेवर सिद्धेश्वर आणि कळमनुरीच्या बाजूस पैनगंगेवर इसापूर, असे दोन मोठे जलाशय आहेत. दोन्ही गेल्या शतकाच्या उत्तरार्धांतील. सलीम अली यांनीं १९३१-३२ सालीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हां हा मुलूख त्या संस्थानांत होता आणि हे जलाशय नव्हते. आज कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत त्यांच्या उथळ कांठांवर उत्तरेकडील पाहुणे उतरतात. टोंकदार शेंपटीचें तलवार बदक, फावड्यासारख्या चोंचीचा थापट्या, आणि काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा ल्यालेला वारकरी, हे तर नवख्यासही ओळखतां येतात. नामदेवांच्या नरसीपासून जवळच्या पाण्यावर हें शेवटचें नांव ऐकतांना विशेष गोडी वाटते.

यांच्यांतच चक्रवाक असतो. अंग नारिंगी-तांबूस, डोकें फिकट, पंख पसरले कीं त्यांवर पांढरा पट्टा आणि काळीं टोंकें. विणीच्या दिवसांत नराच्या गळ्याभोंवतीं काळें कडें उमटतें. लडाख, तिबेट आणि मध्य आशिया हें त्याचें माहेर. अमरसिंहानें दिलेलीं कोक, चक्र, रथांग हीं नांवें याचींच, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो त्याच्या वर्तनाविषयीं. रात्र झाली कीं चक्रवाकाचें जोडपें ताटातूट होऊन नदीच्या दोन तीरांवर आक्रोश करितें, हें काव्यांत इतक्या वेळां आलें आहे कीं आपण तें वस्तुस्थिति म्हणून शिकलों आणि शिकविलें.

परंतु प्राचीनतर साक्ष निराळी आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांतील अश्विनांच्या सूक्तांत सदैव जोडीनें येणाऱ्या देवांस ज्या उपमा दिल्या आहेत, त्यांत चक्रवाकांची एक आहे. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडांतील विवाहसूक्तांत वधूवरांस चक्रवाकांप्रमाणें एकत्र राहण्याचें इष्ट चिंतिलें आहे. हा पक्षी जर विरहाचें प्रतीक असता, तर विवाहमंगलांत त्याचें नांव कोणी घेतलें असतें काय?

आम्हीं तीन हिवाळे सिद्धेश्वराच्या कांठीं सांजवेळीं फेऱ्या केल्या. जोड्या आम्हांस एकाच कांठावर, काहीं हातांच्या अंतरानें चरतांना आढळल्या. काळोख दाटला कीं पक्षी दिसेनासे होतात आणि हांक तेवढी ऐकूं येते. एक इकडून, दुसरी पाण्यावरून. तीरावर बसलेल्या कवीस त्यांत विरह ऐकूं आला असल्यास नवल नाहीं. हा आमचा तर्क होय. मात्र वेदांतील साक्ष पाहणाराची आणि काव्यांतील साक्ष संकेताची, हा भेद तर्क नव्हे. इ. स. ९०० च्या सुमाराचा राजशेखर, ज्याचा पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचा चूडामणि म्हणविला गेला, तो काव्यमीमांसेंत चक्रवाकांचा रात्रिवियोग कविसमयांत, म्हणजे कवींच्या रूढ संकेतांत, घालतो. कोणत्याही जलाशयांत हंस दाखविणें हाही त्याच्या मतें संकेतच. म्हणजे हजार वर्षांपूर्वींच्या पंडितानें जी सावधगिरी बाळगली, ती आपण सोडली.

हंसाच्या नांवांचा गोंधळ याहून मोठा आहे. अमरकोशांत चक्रांग हें हंसाचेंच एक नांव. आजच्या मराठी याद्यांत तें एका लहान बदकास चिकटलें आहे. अमर कादंब आणि कलहंस एकच मानतो. आपल्या याद्यांत पट्टकादंब आणि कलहंस हे दोन निराळे पक्षी आहेत. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यांत येणाऱ्या पट्टकादंबास पुष्कळ जण राजहंस म्हणतात. तिबेटच्या सरोवरांवर तो वीण करितो, म्हणून मानसाचा रहिवासी हें विशेषण त्यास शोभतें. हिमालय ओलांडतांना त्याचें उड्डाण ७,२९० मीटरपर्यंत मोजलें गेलें आहे. पण अमराचा राजहंस शुभ्र, तांबड्या चोंचीचा व पायांचा. हा पक्षी करडा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. शिवाय मेघदूतांतील राजहंस मेघगर्जना ऐकून मानसाकडे निघतात. पट्टकादंब पाऊस येण्याच्या बऱ्याच आधीं गेलेला असतो. एक लक्षण जुळतें, दोन जुळत नाहींत. अशा स्थितींत ‘राजहंस म्हणजे पट्टकादंब’ असें टीपेंत ठोकून देणें हा प्रमाद होय.

हंसदेवाच्या तेराव्या शतकांतील मृगपक्षिशास्त्राचें मराठी रूपांतर मारुती चितमपल्ली यांनीं केलें. ज्यानें अरण्यांत आयुष्य घालविलें त्यानें पोथी हातीं घ्यावी, हा क्रम योग्यच. आपला क्रम उलटा आहे. पोथी हातांत आहे, पाणी पाहावयाचें राहिलें आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. ज्या पोथींत पक्षिनामें असतील, तींतील मूळ अक्षरें जशींच्या तशीं उतरावीं. अर्थ लिहितांना तो कोशाचा कीं डोळ्यांचा, हें स्पष्ट करावें. आणि नदीकांठच्या भोई-कोळ्यांच्या तोंडचीं नांवें, पक्षी समोर असतांना विचारून, गांव व तिथीसह टिपून ठेवावीं. पोथीची दुसरी प्रत एखादे वेळीं सांपडते. म्हाताऱ्या भोयाबरोबर गेलेल्या नांवाची दुसरी प्रत नसते. चक्रवाक पुढील कार्तिकांत पुन्हां येतील. त्यांस ओळखणारे तोंवर राहतील कीं नाहीं, हें आपल्या हातीं आहे.