बामियानचे बुत आणि तीन छायाचित्रे

उर्दूत मूर्तीला 'बुत' म्हणतात. फारसीतून आलेला हा शब्द मूळ 'बुद्ध' या नावावरून तयार झाला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. अफगाणिस्तानातील बामियानच्या दोन बुद्धमूर्तींना जुन्या फारसी साहित्यात 'सुर्ख बुत' आणि 'खिंग बुत', म्हणजे लाल आणि करडी मूर्ती, म्हटले आहे. दरबारी कवी उन्सुरीने या नावांवर काव्य रचले आणि अल-बिरुनीनेही या मूर्तींच्या कथेवर लिहिले. दोघेही गझनीच्या महमूदाच्या काळातले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सहाव्या-सातव्या शतकात कड्यात कोरलेल्या या मूर्तींपैकी मोठी सुमारे 55 मीटर आणि लहान सुमारे 38 मीटर उंच होती. मूळ शरीर दगडाचे, त्यावर चीवराच्या चुण्या भुसा मिसळलेल्या मातीच्या गिलाव्याच्या. पुढे खोऱ्यातली माणसे मुसलमान झाली, तरी मूर्ती उभ्या राहिल्या. तिथल्या हजारा मुसलमानांनी त्यांना सलसाल आणि शाहमामा अशी प्रेमी युगुलाची नावे दिली.

1999 मध्ये तालिबानच्या मुल्ला उमरने या मूर्ती जपण्याचा आदेश काढला होता. त्यानेच फेब्रुवारी 2001 मध्ये त्या पाडण्याचा हुकूम दिला. इजिप्तचे मुफ्ती नस्र फरीद वासिल यांच्यासह उलेमांचे शिष्टमंडळ समजूत घालायला अफगाणिस्तानात गेले, पण उपयोग झाला नाही. मार्च महिन्यात सुरुंग लावून मूर्ती उडवण्यात आल्या.

झुरिचच्या तंत्रविद्यापीठात आर्मिन ग्रून आणि सहकाऱ्यांनी मोठ्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती तयार केली. एकच बिंदू वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या छायाचित्रांत कुठे दिसतो, यावरून त्याची खोली काढता येते. असे असंख्य बिंदू जोडले की पृष्ठभाग उभा राहतो. त्यांनी इंटरनेटवरची आणि पर्यटकांची छायाचित्रेही वापरून पाहिली. पण चुण्यांपर्यंतचा बारकावा मिळाला तो रॉबर्ट कोस्टका यांनी 1970 मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या तीन छायाचित्रांतून.

या प्रतिकृतीलाही चेहरा नाही. ओठांच्या वरचा भाग फार पूर्वीच नाहीसा झाला होता आणि त्याचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. संगणकाने कल्पनेने चेहरा बसवला असता तर ती नवी मूर्ती झाली असती, इतिहास नव्हे. जेवढा पुरावा, तेवढेच रूप.

2015 मध्ये एका चिनी जोडप्याने रिकाम्या कोनाड्यांत प्रकाशाच्या मूर्ती उभ्या केल्या. मला हा मार्ग योग्य वाटतो. मूर्ती काँक्रीटमध्ये पुन्हा बांधली, तर 2001 चा गुन्हाही झाकला जाईल. प्रकाश विझला की कोनाडा रिकामा दिसतो, आणि तोही दिसायला हवा.

बामियानचे नाव निघाले की आपल्यातले काही गप्प बसतात, काही 'ते आमचे नव्हेत' म्हणून मोकळे होतात. पण मूर्ती फोडणारे जसे मुसलमान होते, तसेच शेकडो वर्षे त्यांच्या सावलीत नांदणारे, त्यांच्यावर लिहिणारे आणि त्या वाचाव्यात म्हणून गेलेलेही मुसलमानच होते. आपल्या मुलांना हा इतिहास दोन्ही बाजूंनी सांगितला पाहिजे. इतिहास ही अमानत आहे. तिच्यातला सोयीचा भाग ठेवून उरलेला टाकून देता येत नाही.