डेस्कटॉपवरील फायली क्लाउडमध्ये का जातात आणि त्या संगणकावर परत कशा आणाव्यात

नवी दिल्ली : नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केल्यावर डेस्कटॉपवरील फायलींच्या चिन्हांवर हिरवी खूण किंवा निळा ढग दिसू लागतो आणि काही काळाने साठवणुकीची जागा संपल्याची सूचना येते, असा अनुभव विंडोज वापरणाऱ्या अनेकांना येतो. हा संगणकातील बिघाड नसून ‘वनड्राइव्ह’ या क्लाउड सेवेने डेस्कटॉपचा फोल्डर आपल्याकडे वळवून घेतल्याचा परिणाम असतो. ही व्यवस्था बंद करता येते. मात्र ती कोणत्या क्रमाने बंद केली जाते, यावर फायलींची सुरक्षितता अवलंबून असते.

नेमके काय घडते?

डेस्कटॉप ही केवळ पडद्यावर दिसणारी जागा नाही. ‘सी’ ड्राइव्हमध्ये वापरकर्त्याच्या नावाचा जो फोल्डर असतो, त्यातील तो एक साधा फोल्डर आहे. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे फोल्डरही तेथेच असतात. विंडोजमध्ये या फोल्डरांचा पत्ता बदलता येतो आणि पत्ता बदलला तरी पडद्यावरील मांडणी तशीच राहते. वनड्राइव्ह याच सोयीचा वापर करते. डेस्कटॉपचा फोल्डर मूळ जागेवरून ‘वनड्राइव्ह’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवला जातो आणि तेथून त्यातील मजकूर इंटरनेटद्वारे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातो. पडद्यावर काहीच बदललेले दिसत नसल्याने हे स्थलांतर बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

मायक्रोसॉफ्टने ही सुविधा २०१८ मध्ये प्रथम संस्थांसाठी आणली आणि पुढे वैयक्तिक खात्यांनाही दिली. विंडोज ११ च्या नव्या स्थापनेत ती स्वतंत्र परवानगी न विचारता सुरू होत असल्याचे तंत्रज्ञानविषयक माध्यमांनी २०२४ मध्ये निदर्शनास आणले होते.

बॅकअप आणि सिंक यांतील फरक

सेटिंग्जमध्ये या सुविधेला ‘बॅकअप’ म्हटले असले तरी तिचे काम ‘सिंक’ पद्धतीने चालते. बॅकअपमध्ये मूळ फाइल जागेवर राहते आणि तिची वेगळी प्रत दुसरीकडे ठेवली जाते. सिंकमध्ये दोन्ही ठिकाणची फाइल एकच मानली जाते. त्यामुळे डेस्कटॉपवरून पुसलेली फाइल क्लाउडमधूनही जाते आणि क्लाउडमधून पुसलेली फाइल डेस्कटॉपवरूनही नाहीशी होते. जागा मोकळी करण्यासाठी संकेतस्थळावरून फायली काढून टाकणाऱ्यांचे नुकसान होते, ते यामुळेच. अशा फायली वैयक्तिक खात्याच्या ऑनलाइन ‘रिसायकल बिन’मधून साधारणपणे ३० दिवसांपर्यंत परत मिळवता येतात.

दुसरा मुद्दा ‘फाइल्स ऑन-डिमांड’ या सुविधेचा आहे. निळ्या ढगाचे चिन्ह असलेल्या फाइलचे केवळ नाव संगणकावर असते. प्रत्यक्ष मजकूर क्लाउडमध्ये असतो. इंटरनेट नसताना अशी फाइल उघडत नाही. पांढऱ्या वर्तुळातील हिरवी खूण म्हणजे फाइल सध्या संगणकावर उपलब्ध आहे, तर भरीव हिरव्या वर्तुळातील पांढरी खूण म्हणजे ती कायम संगणकावर ठेवली जाणार आहे.

तिसरा मुद्दा जागेचा. वनड्राइव्हच्या मोफत खात्यात ५ जीबी जागा मिळते. मोबाइलवरील छायाचित्रे डेस्कटॉपवर उतरवून घेणाऱ्यांना ती लवकरच अपुरी पडते. वनड्राइव्हमधील फायली खात्याच्या एकूण क्लाउड मर्यादेत मोजल्या जातात आणि ती मर्यादा ओलांडल्यास त्याच खात्यावरील आउटलुकचे ईमेल पाठवणे व मिळणेही थांबू शकते.

बंद करण्याचा सुरक्षित क्रम

१. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्ह किंवा बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी.

२. फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्हच्या आतील ‘डेस्कटॉप’ फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडावा. सर्व फायलींवर भरीव हिरवे वर्तुळ येईपर्यंत थांबावे. फायली मोठ्या असतील, तर यास काही तास लागू शकतात.

३. टास्कबारच्या उजव्या टोकाला असलेल्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून ‘सेटिंग्ज’मध्ये जावे. तेथे ‘सिंक अँड बॅकअप’ या विभागात ‘मॅनेज बॅकअप’ निवडून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांपैकी नको असलेल्या फोल्डरांची बटणे बंद करावीत. फायली कोठे ठेवायच्या, अशी विचारणा झाल्यास संगणकाचा पर्याय निवडावा.

४. बटण बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला, तरी घाबरू नये. अशा वेळी फायली वनड्राइव्हच्या आतील ‘डेस्कटॉप’ फोल्डरमध्येच राहिलेल्या असतात. अनेकदा तेथे नेणारा शॉर्टकटही डेस्कटॉपवर ठेवलेला असतो. त्या फायलींची आधी प्रत करून ती मूळ डेस्कटॉपवर चिकटवावी, काही फायली उघडून पाहाव्यात आणि त्यानंतरच क्लाउडमधील प्रती काढायच्या की ठेवायच्या, हे ठरवावे.

५. डेस्कटॉप फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ या भागात पत्ता तपासावा. त्यात अजूनही ‘वनड्राइव्ह’ हा शब्द दिसत असल्यास ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ निवडून पत्ता पूर्ववत करावा.

ही सेवा पूर्णपणे नको असेल, तर या पाच पायऱ्या झाल्यानंतरच ‘अनलिंक धिस पीसी’ हा पर्याय वापरून खाते वेगळे करावे आणि त्यानंतर प्रोग्रॅम काढून टाकावा. अनेक जण सुरुवातच प्रोग्रॅम काढण्यापासून करतात. तसे केल्यास डेस्कटॉपचा पत्ता वनड्राइव्हच्या फोल्डरकडेच राहू शकतो आणि केवळ क्लाउडमध्ये असलेल्या फायली संगणकावर उपलब्ध राहत नाहीत. त्या नष्ट झालेल्या नसतात. परंतु संकेतस्थळावर प्रवेश करून पुन्हा उतरवून घ्याव्या लागतात.

कार्यालये आणि सामायिक संगणक

कार्यालयाने दिलेल्या संगणकावर ही बटणे निष्क्रिय दिसत असल्यास ती व्यवस्था संस्थेच्या धोरणाने लागू केलेली असते. तेथे परस्पर बदल न करता माहिती तंत्रज्ञान विभागाशी संपर्क साधणे योग्य ठरते. याउलट, फायली स्थानिक संगणकावरच ठेवू इच्छिणाऱ्या संस्थांना विंडोजच्या ‘ग्रुप पॉलिसी’मधून हे स्थलांतर सर्व संगणकांवर एकाच वेळी रोखता येते.

सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकाने आणि सेवा केंद्रे येथे हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ग्राहकांची आधार कार्डे, गुणपत्रिका व बँक पासबुक यांची स्कॅन केलेली चित्रे तेथे सहसा डेस्कटॉपवरच साठवली जातात. अशा संगणकावर कोणी आपल्या वैयक्तिक खात्याने प्रवेश केलेला असेल आणि डेस्कटॉप सिंक होत असेल, तर ती कागदपत्रे त्या व्यक्तीच्या क्लाउड खात्यात जातात. त्या खात्याने प्रवेश केलेल्या अन्य संगणकांवर व मोबाइलवरही ती दिसू शकतात. दुकानातील संगणकावरून फाइल पुसली गेली, तरी ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये ती काही दिवस राहते. त्यामुळे सामायिक संगणकावर स्थानिक खाते वापरणे आणि वनड्राइव्हमध्ये प्रवेश न करणे हे अधिक सुरक्षित आहे.

मॅक संगणकांवर

अ‍ॅपलने २०१६ मध्ये ‘मॅकओएस सिएरा’ या आवृत्तीपासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर ‘आयक्लाउड ड्राइव्ह’मध्ये ठेवण्याची सोय दिली. ती सिस्टिम सेटिंग्जमधील आयक्लाउड विभागातून बंद करता येते. बंद केल्यावर फायली आयक्लाउड ड्राइव्हमध्येच राहतात आणि संगणकावर नवा डेस्कटॉप फोल्डर तयार होतो. त्यामुळे येथेही फायली वापरकर्त्यालाच परत आणाव्या लागतात. आयक्लाउडची मोफत मर्यादाही ५ जीबीच आहे.

बंद केल्यानंतरची जबाबदारी

क्लाउडमधील प्रतीचा उपयोग नाकारता येत नाही. लॅपटॉप चोरीस गेला किंवा हार्ड डिस्क निकामी झाली, तर तीच प्रत हाताशी उरते. सिंक बंद केल्यानंतर ही जबाबदारी वापरकर्त्यावर येते. महत्त्वाच्या फायली बाह्य डिस्कवर नियमित उतरवणे आणि ती डिस्क एरवी संगणकापासून वेगळी ठेवणे, ही त्यासाठी किमान काळजी आहे. मोजक्याच फायली क्लाउडमध्ये ठेवायच्या असतील, तर संपूर्ण डेस्कटॉप तेथे नेण्याची गरज नाही. बॅकअपची बटणे बंद ठेवून तेवढ्याच फायलींच्या प्रती वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात. बाकीचा डेस्कटॉप संगणकावरच राहतो.