घरच्या वाडीसाठी पहिला मिनी ट्रॅक्टर : पैसे मोजण्याआधी हे वाचा

कोकणातल्या आपल्या बऱ्याच घरांत चित्र सारखंच आहे. एक मुलगा आखातात, दुसरा मुंबईत, गावी अब्बा-अम्मी आणि दोन-अडीच एकर जागा. थोडी भाताची खाचरं, वीस-पंचवीस हापूसची कलमं, घरामागे माड. बैलजोडी कधीच गेली, गडी वेळेवर मिळत नाही. मग ईदला सगळे जमले की विषय निघतो, "एक छोटा ट्रॅक्टर घेऊन टाकू या."

विचार चांगला आहे. पण हा चार-सहा लाखांचा व्यवहार असतो आणि तो अनेकदा दोन दिवसांत, शोरूममधल्या चहावर उरकला जातो. सुट्टी संपते, मुलं परत जातात आणि ट्रॅक्टर पडवीत ताडपत्रीखाली उभा राहतो. असे ट्रॅक्टर आम्ही पाहिले आहेत. म्हणून पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी काम मोजा, मग ट्रॅक्टर

वर्षभरातली कामं कागदावर लिहा : चिखलणी, नांगरट, कलमांमधलं गवत, फवारणी, शेणखत आणि लाकूडफाटा वाहणं. प्रत्येकापुढे अंदाजे तास लिहा. दोन-अडीच एकरांत ही बेरीज बहुधा २५ ते ४० तासांपुढे जात नाही.

आता हिशोब करू. समजा ट्रॅक्टर ५ लाखांचा, अवजारं दीड लाखाची. दहा वर्षांनी सगळं मिळून २ लाखांना विकलं, तर घट साडेचार लाखांची, म्हणजे वर्षाला ४५ हजार. विमा, सर्व्हिसिंग, किरकोळ दुरुस्ती धरून वर्षाचे ६० हजार. डिझेल वेगळं. मिनी ट्रॅक्टर कामावर तासाला साधारण दोन ते तीन लिटर पितो, म्हणजे सव्वादोनशे रुपये धरा. गावात भाड्याचा ट्रॅक्टर तासाला १००० रुपयांनी मिळत असेल, तर स्वतःच्या ट्रॅक्टरमुळे तासाला पावणेआठशे वाचतात. ६० हजार भरून निघायला वर्षाला जवळपास ८० तास काम हवं.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच. तास कमी भरत असतील तर भाड्याने काम करून घेणं स्वस्त. खाचरं लहान आणि बांध उंच असतील तर पॉवर टिलर जास्त उपयोगी पडतो. तो एका खाचरातून दुसऱ्यात उतरवता येतो आणि किंमतही कमी. मात्र भाड्याचा ट्रॅक्टर पेरणीच्या वेळी मिळतच नसेल, किंवा दोन-तीन भावांची जागा लागून असेल, तर स्वतःचा घेण्यात अर्थ आहे.

किती एचपीचा घ्यावा?

बाजारात १५ ते २८ एचपीचे पर्याय आहेत. स्वराज ७१७ आणि महिंद्रा युवराज २१५ हे १५ एचपीच्या आसपासचे, एका सिलिंडरचे. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी २४४१ हे २४ एचपीचे, चारही चाकांना ताकद देणारे. याशिवाय व्हीएसटी, सोनालिका आणि राजकोटची कॅप्टन यांचेही मिनी ट्रॅक्टर आहेत.

जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर फिरतो तो मागच्या पीटीओ दांड्यावर आणि तिथे पोहोचणारी ताकद इंजिनापेक्षा कमी असते. म्हणून विचारायचं ते 'पीटीओ एचपी किती?' हे. १५ ते २० एचपीला साधारण तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर झेपतो, २४ ते २८ एचपीला चार फुटी.

रोटाव्हेटर चाकांच्या बाहेरच्या रुंदीइतका तरी हवा. नाहीतर चाकाने दाबलेली माती तशीच मागे राहते. उलट जास्त रुंद घेतला तर इंजिन दमतं. आमच्या घरी पहिल्या वेळी विक्रेत्याच्या सांगण्यावरून असाच रुंद रोटाव्हेटर आला. पहिल्याच पावसात ट्रॅक्टर चिखलात घुटमळू लागला आणि तो तोट्यात विकावा लागला.

टू-व्हील की फोर-व्हील?

सपाट, कोरडी जागा असेल तर टू-व्हील ड्राइव्ह पुरतो. चिखलणी, उतार किंवा मुरमाड चढ असेल तर फोर-व्हील ड्राइव्हचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. चिखलासाठी लोखंडी केज व्हील मिळतात का, तेही विचारा.

टेप घेऊन घरची पाणंद, फाटक आणि दोन कलमांमधली वाट मोजा. हापूसच्या जुन्या बागेत झाडं दहा-दहा मीटरवर असतात, तिथे रुंदीची अडचण नसते. अडचण खाली आलेल्या फांद्यांची असते. म्हणून उंची आणि धुराड्याची जागा पाहा. माडांखाली आळी आणि पाण्याच्या नळ्या असतील तर वळायला जागा किती लागते, तेही तपासा. द्राक्षबागायतदारांनी मात्र ओळींमधलं अंतर आधी मोजावं आणि त्यात बसेल असा अरुंद ट्रॅक्टरच पाहावा.

ट्रॅक्टरपेक्षा मेकॅनिक महत्त्वाचा

तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे का? जूनमध्ये बिघाड झाला तर माणूस घरी येतो का? फिल्टर, क्लच प्लेट, फॅन बेल्ट तिथे मिळतात का? त्या कंपनीचा ट्रॅक्टर वापरणारे गावातले दोघे-तिघे शोधा आणि हे त्यांनाच विचारा. शक्य असेल तर आपल्याच जमिनीवर ट्रायल मागा.

जुना घेत असाल तर थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. हायड्रॉलिकवर अवजार उचलून दहा मिनिटं ठेवा, खाली येत असेल तर खर्च आहे. आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते पाहा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कागदपत्रं आणि अनुदान

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये हाच दर लावला आहे ना, बघून घ्या.

कृषी यांत्रिकीकरण योजनेत महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान आहे, ठरवलेल्या कमाल रकमेपर्यंत. जमीन अम्मीच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्या नावाने करा. सगळ्यात महत्त्वाचं : पूर्वसंमती पत्र हाती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान जातं. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती लागते. आखातातल्या भावाची सही मिळवायला वेळ जातो, म्हणून ते काम सुट्टीतच उरका.

आरटीओ नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचे आहेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी होते. शेतीच्या वापरासाठी विमा काढून भाड्याने ट्रॅक्टर चालवला तर अपघातानंतर दावा अडकू शकतो, त्यामुळे विमा कंपनीला खरा वापर सांगा.

पैसे कुठून आणायचे?

ट्रॅक्टर कर्ज सहज मिळतं, पण त्यावर व्याज असतं आणि आपल्यातल्या अनेक कुटुंबांना ते नको असतं. मग मार्ग तीन : एक-दोन हंगाम भाड्याने काम भागवून पैसे जमवणं, चांगला जुना ट्रॅक्टर घेणं, किंवा भावाभावांनी मिळून घेणं. नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल तर परतफेडीची तारीख ठरवा.

भागीदारीत घेताना आरसीवर नाव सहसा एकाचंच लागतं. म्हणून कोणी किती पैसे घातले, डिझेल-दुरुस्ती कोणाची, पेरणीत आधी पाळी कोणाची आणि उद्या विकला तर वाटा किती, हे साध्या कागदावर साक्षीदारांसह लिहा. "घरातलंच आहे, लिहायचं काय?" असं म्हणू नका. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे. उद्या कोणी हयात नसेल तर वारसांमध्ये वाद होणार नाही.

जीव आधी

छोटा ट्रॅक्टर छोटा दिसतो, पण उलटला तर माणूस वाचणं कठीण. मागे उभी सुरक्षा चौकट असलेलं मॉडेल निवडा आणि त्यासोबत सीटबेल्ट लावा. चौकट नसेल तर बेल्ट बांधू नका. उतारावर आडवा चालवू नका, न्यूट्रलमध्ये उतरू नका, वजन मागच्या हुकलाच जोडा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेले ठेवा.

पीटीओ फिरत असताना लुंगी, ओढणी, सैल कुर्त्याची बाही जवळ नेऊ नका. दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढू नका. आणि मुलांना मडगार्डवर बसवून फेरी मारायची नाही, ईदच्या दिवशीसुद्धा नाही. मामू-चाचांनी हे एकदा कडकपणे सांगितलं की मुलं ऐकतात.

शेवटचा प्रश्न घरच्यांनी मिळून एकमेकांना विचारावा : आपण परत गेल्यावर हा ट्रॅक्टर चालवणार कोण? अब्बांचं वय, त्यांचे गुडघे, गावातल्या पुतण्याची तयारी हे सगळं लक्षात घ्या. उत्तरात एक नक्की नाव येत असेल तर त्यालाच शोरूममध्ये सोबत न्या, सीटवर बसवा आणि मगच बयाणा द्या. नाव येत नसेल तर या हंगामात भाड्याचाच ट्रॅक्टर बोलवा. पुढच्या ईदला पुन्हा बसून ठरवता येईल.