जुन्या मोटारीची परीक्षा : एक साधनचिकित्सा

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांची आठवण प्रथम होते. कारखान्यात तयार झालेले यंत्र हेही एक साधनच होय, ही दृष्टी त्या मानाने अलीकडची आहे. तथापि जीर्णोद्धारासाठी जुनी मोटार विकत घेणाऱ्या ग्राहकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो संशोधकाच्या प्रश्नाहून निराळा नसतो. समोरची वस्तू ज्या नावाने व ज्या सालाची म्हणून पुढे केली जात आहे, तीच ती आहे काय? बखरीपेक्षा अस्सल कागदाला प्रमाण मानावे, असा आग्रह वि. का. राजवाडे यांनी धरला. मोटारीच्या बाबतीत विक्रेत्याने सांगितलेली हकीकत ही बखर, आणि मोटारीचा सांगाडा हा कागद होय. सदर परीक्षेचे स्वरूप एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

जॅग्वार कंपनीची ‘ई-टाइप’ ही मोटार मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि १९७४ पर्यंत कॉव्हेंट्री येथे तयार होत राहिली. एकंदर बहात्तर हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. प्रारंभीचे इंजिन ३.८ लिटरचे होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये ते ४.२ लिटरचे झाले आणि १९७१ मध्ये बारा सिलिंडरांचे ५.३ लिटरचे इंजिन आले. या गाडीची रचना ध्यानात घेतल्यावाचून तिची परीक्षा करता येत नाही. तिचा मधला भाग पोलादी पत्र्याच्या एकसंध कवचाचा असून त्याला निराळी चासी नाही. पुढील बाजूस पोकळ नळ्यांचा सांगाडा बोल्टांनी जोडलेला असतो आणि इंजिन त्यावर बसते.

१. बहिरंग परीक्षण

गाडीवर मुख्यतः चार क्रमांक आढळतात : गाडीचा, इंजिनचा, गिअरबॉक्सचा आणि बॉडीचा. कारखान्याच्या नोंदींच्या आधारे दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रात हे क्रमांक, निर्मितीची तारीख व मूळचा रंग नमूद असतो. चारही क्रमांक जुळले म्हणजे परीक्षा संपली, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. गाडीचा क्रमांक पुढील सांगाड्याच्या आडव्या भागावर ठोकलेला असतो आणि हा भाग, वर सांगितल्याप्रमाणे, बोल्ट सोडवून काढता येतो. म्हणजे तो क्रमांक त्या सांगाड्याची साक्ष देतो. मागील कवचाची देत नाही.

ताम्रपटांच्या अभ्यासकांस ही अडचण परिचित आहे. पत्रे ज्या कडीत ओवलेले असतात त्या कडीवर राजमुद्रा असते; कडी एकदा कापली गेली की ती मुद्रा त्याच पत्र्यांची आहे हे गृहीत धरता येत नाही. म्हणून अभ्यासक आधी कडी कापलेली आहे की नाही हे पाहतो. त्याचप्रमाणे येथे बोल्टांची डोकी, त्यांभोवतीचा रंग आणि जोडाच्या जागा पाहावयाच्या असतात. अंकांची खोली, त्यांचे वळण, आजूबाजूचा पृष्ठभाग घासला गेला आहे काय, हेही तपासावे लागते. आपल्याकडील परिवहन कार्यालयांत चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेण्याची पद्धत आहे. शिलालेखाच्या ठशाप्रमाणेच डोळ्यांस न दिसणारी खाडाखोड अशा ठशात पुष्कळदा उमटते.

२. अंतरंग परीक्षण

क्रमांकानंतर वस्तूचा स्वतःचा पुरावा येतो. अगदी पहिल्या सुमारे पाचशे गाड्यांचे बॉनेटचे कुलूप बाहेरून किल्लीने उघडावे लागे. पुढे ही योजना बदलली. प्रारंभीच्या गाड्यांची पायाखालची जमीन सपाट होती. १९६२ च्या आरंभी पाय ठेवण्यास अधिक जागा मिळावी म्हणून तीत खोलगट भाग करण्यात आला. १९६१ ची म्हणून दाखविलेल्या गाडीत खोलगट जमीन आढळली, तर एक तर जमीन नंतर बदलली आहे किंवा सालच खोटे आहे. उलट सपाट जमीन आढळली म्हणून साल सिद्ध होते असेही नाही. कारण तसा पत्रा आज नव्याने करून मिळतो. एका लक्षणावरून कालनिर्णय करू नये, हा लिपिशास्त्रातील नियम येथेही लागू पडतो.

३. गंजाची साक्ष

या गाडीचे बळ दारांखालच्या बंदिस्त पोकळ पट्ट्यांत असते. उघड्या गाडीस छताचा आधार नसल्यामुळे तर तिची भिस्त जवळजवळ सर्वस्वी त्यांवरच असते. ओल आत साठते आणि पत्रा आतून गंजू लागतो. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. लोहचुंबक फिरविला असता जेथे तो धरत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबी भरली आहे असे समजावे. दार आणि चौकट यांतील फट वरपासून खालपर्यंत सारखी नसेल, किंवा गाडी जॅकवर उचलताना ती कमीअधिक होत असेल, तर कवच कमकुवत झाले आहे. पुढच्या सांगाड्याच्या नळ्याही आतूनच गंजतात. म्हणून त्यांवरचा ताजा रंग हा गुण न मानता संशयाचे कारण मानावा.

इंजिनची परीक्षा त्या मानाने सोपी आहे. ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असल्यास त्याचे कारण विचारावे. तापल्यानंतर मिनिटास ३००० फेऱ्यांवर तेलाचा दाब चौरस इंचास सुमारे ४० पौंड असावा. इंजिनचे दोष पैसा खर्चून दूर करता येतात. कवच बदलले तर मात्र गाडीची ओळखच बदलते. सामान्य ग्राहक इंजिनापासून आरंभ करतो. जाणत्याने कवचापासून करावा, याचे कारण हेच.

४. ओळख कशात असते?

या प्रश्नाचा न्यायालयीन निर्णय १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात झाला. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही शर्यतीची गाडी १९२९ व १९३० या दोन्ही वर्षी ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग वारंवार बदलले. १९३२ साली ब्रुकलंड्स येथे आठ लिटरचे इंजिन असलेल्या अवस्थेत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर तिला रस्त्यावर चालविण्याजोगी नवी बॉडी चढविण्यात आली. एक कोटी पौंडांस ठरलेला तिचा सौदा, ही ती गाडीच नव्हे, या कारणावरून मोडू लागला. न्यायमूर्ती ऑटन यांनी असे ठरविले की, १९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीच शिल्लक नसल्यामुळे तिला मूळ गाडी म्हणता येत नाही. परंतु तिची परंपरा कोठेही खंडित झालेली नसून त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही, म्हणून ते नाव तिचेच होय. सौदा कायम राहिला.

भारतातील नियमाचा कल निराळा आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तिची अट आहे. लंडनच्या निर्णयात परंपरेला महत्त्व आहे, तर येथे द्रव्याला. ‘ओल्ड नंबर वन’ या अटीस उतरली नसती.

५. परीक्षेनंतर

यावरून जीर्णोद्धारातील खरी अडचण स्पष्ट होते. गंजलेला पत्रा कापला जातो, जुना रंग खरवडला जातो, आणि त्याबरोबर कारखान्यातील जोडकामाच्या खुणा, आधीच्या डागडुज्या व मूळ रंगाचे थर नाहीसे होतात. खरेदीपूर्वीची परीक्षा ही पुष्कळदा त्या साधनाचे अखेरचे वाचन ठरते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या तूरिन सनदेचा आधार वास्तुजतनाविषयीची १९६४ ची व्हेनिस सनद हा आहे. केलेल्या कामाची नोंद ठेवावी व नवे भाग ओळखता यावेत, ही तिची भूमिका याच जाणिवेतून आलेली आहे.

तेव्हा ग्राहकाने केलेली टिपणे, छायाचित्रे आणि क्रमांकांचे ठसे सौद्यानंतर टाकून देऊ नयेत. काढलेले भागही शक्य तितके जपावेत. जुन्या पोथीचा जीर्ण कागद नव्याने चिकटविणारा, अक्षरे कोठे होती हे लिहून ठेवीत नसेल, तर तो पोथी वाचवितो आणि पाठ गमावतो. मोटारीविषयी याहून निराळे काही म्हणता येत नाही.