क्रोशाकामातील व्यवहार्य सूचना आणि स्त्रीश्रमाचा इतिहास : एक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

हस्तकलांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने तयार वस्तूकडे जाते. वस्त्र, त्यावरील नक्षी, त्याचा काळ आणि त्याचा मालक यांची नोंद होते. परंतु ती वस्तू घडविणाऱ्या हातांना रोज ज्या लहानसहान युक्त्यांचा आधार घ्यावा लागला, त्यांची नोंद क्वचितच घेतली जाते. धागा किती लांब सोडावा, टाके कसे मोजावे, काम अर्ध्यावर ठेवताना काय करावे, अशा सूचना किरकोळ वाटतात. वस्तुतः त्या त्या कलेचे व्यावहारिक ज्ञान त्यांतच साठलेले असते. प्रस्तुत निबंधात क्रोशाच्या विणकामातील अशा सूचनांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. क्रोशाकामातील नित्याच्या सूचनांमागील तांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
२. या सूचना मुद्रित स्वरूपात कशा आल्या, याचा मागोवा घेणे.
३. आयर्लंड व नरसापूर येथील उदाहरणांच्या आधारे या ज्ञानाचा स्त्रियांच्या अर्थार्जनाशी असलेला संबंध तपासणे.

क्रोशाचा उगम आणि मुद्रित मार्गदर्शन

‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा असा आहे. मराठीत तो ‘क्रोशा’ या रूपाने रुळला. ही कला अतिप्राचीन असल्याचे अनेकदा सांगितले जाते. तथापि डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी युरोपभर घेतलेल्या शोधात इ. स. १८०० पूर्वीचा निर्णायक पुरावा आढळला नाही. एका मतानुसार क्रोशाचे मूळ आकड्याच्या सुईने कापडावर साखळी टाका घालण्याच्या भरतकामात आहे. भारतातील आरीकाम याच जातीचे होय. हे भरतकाम पूर्वेकडून युरोपात गेले आणि पुढे खालचे कापड काढून टाकून केवळ धाग्याचीच साखळी गुंफली जाऊ लागली, असे हे मत सांगते.

क्रोशाच्या मुद्रित कृतींपैकी ज्ञात असलेली सर्वांत जुनी कृती १८२३ मध्ये ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आली. इंग्लंडमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर (१८२८–१८८७) यांनी १८४६ पासून या विषयावर अनेक पुस्तिका प्रसिद्ध केल्या. तेरेझ द दिल्मोंत यांचा स्त्रियांच्या हस्तकामावरील फ्रेंच कोश १८८६ मध्ये प्रकाशित झाला व त्यात क्रोशासाठी स्वतंत्र प्रकरण होते. या ग्रंथांनी, एरवी आई-मुलीत किंवा शेजारणी-शेजारणीत बोलून दिले जाणारे ज्ञान छापील अक्षरात आणले. मात्र त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः अक्षरओळख असलेला व सवड असलेला होता, ही मर्यादा ध्यानात घेणे क्रमप्राप्त आहे.

नित्याच्या सूचना व त्यांची कारणमीमांसा

पहिली सूचना नमुना विणून पाहण्याची. मूळ काम सुरू करण्यापूर्वी त्याच धाग्याने व त्याच सुईने साधारण दहा सेंटीमीटरचा चौकोन विणावा आणि त्यातील टाके व ओळी मोजाव्यात. प्रत्येकीचा हात सैल किंवा घट्ट असतो; त्यामुळे एकच कृती वाचून दोघींनी विणलेली टोपी एकाच मापाची होईलच असे नाही. जुन्या काळी सुयांचे क्रमांक उत्पादकागणिक वेगळे असत. आज सुईवर मिलिमीटरचे माप असते, तरी हाताचे माप सुईवर छापता येत नाही. म्हणून नमुन्याचे महत्त्व टिकून आहे.

दुसरी सूचना पायाच्या साखळीविषयी आहे. ही साखळी नकळत घट्ट होते व कड आखडते. यासाठी केवळ साखळीपुरती एक क्रमांक मोठी सुई घ्यावी. मोठ्या कामात साखळ्या मोजताना चूक होतेच. तेव्हा चार-पाच साखळ्या जास्त घालाव्यात. उरलेल्या साखळ्या सुरुवातीच्या टोकाकडून उसवता येतात. साखळ्या कमी पडल्यास मात्र बहुधा सारेच काम उसवावे लागते.

तिसरी सूचना खुणेची. गोलाकार विणताना फेरी कोठे सुरू झाली हे कळेनासे होते. पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवून ठेवल्यास मोजणी चुकत नाही. याच धर्तीवर दर वीस साखळ्यांनंतर खूण केल्यास पुन्हा पहिल्यापासून मोजण्याचे कष्ट वाचतात.

चौथी सूचना धाग्याची. एका कामाला लागणारा सर्व धागा एकदमच घ्यावा व गुंडीच्या वेष्टनावरील रंगाईचा लॉट क्रमांक जुळवून पाहावा. वेगळ्या खेपेतील रंगाची छटा दुकानात एकसारखी वाटली तरी विणल्यावर पट्टा उठून दिसतो. धागा संपवताना सुमारे पंधरा सेंटीमीटर टोक राखावे आणि ते बोथट सुईने आधी एका दिशेने व मग उलट दिशेने टाक्यांत ओवावे; एकाच दिशेने ओवलेले टोक धुण्यात निसटते.

पाचवी सूचना परिभाषेची. मराठीत ज्याला आपण ‘मुका खांब’ म्हणतो, तो अमेरिकन पुस्तकात ‘सिंगल क्रोशे’ तर ब्रिटिश पुस्तकात ‘डबल क्रोशे’ असतो. आपला ‘खांब’ अमेरिकेत ‘डबल क्रोशे’ व ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’ ठरतो. पुस्तक कोठे छापले आहे हे पाहिल्याशिवाय विणायला बसल्यास काम भलत्याच मापाचे होते. मराठी संज्ञा टाक्याच्या आकारावरून आल्याने या घोळापासून मुक्त आहेत, ही बाब भाषाभ्यासकांनीही नोंदवावी अशी आहे.

सहावी सूचना अखेरच्या संस्काराची. विणून झालेला रुमाल धुऊन, ओला असतानाच जाड कापडावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवावा व तसाच सुकू द्यावा. महाराष्ट्रातील घरांत यासाठी साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची खळ वापरण्याची पद्धत आहे. साखरेच्या पाण्यानेही ताठरपणा येतो, परंतु त्याला मुंग्या लागतात.

या सर्वांत ऐतिहासिकदृष्ट्या सर्वाधिक बोलकी सूचना सातवी आहे. काम मध्येच सोडून उठताना सुईवरील फास थोडा मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवावी. दोन सुयांच्या विणकामात ओळीतील सर्वच टाके सुईवर जिवंत असतात; सुई निसटली तर अनेक टाके एकदम सुटतात. क्रोशात एका वेळी बहुधा एकच फास उघडा असतो. तेवढा सांभाळला की काम कोठेही, कितीही वेळा थांबवता येते. दूध उतू जाते आहे, मूल रडते आहे, दारात कोणी आले आहे, अशा प्रत्येक वेळी उठून पुन्हा बसता येईल अशी ही कला आहे. एक सुई व थोडा धागा एवढेच तिचे भांडवल. या दोन गुणांमुळेच ती गरीब घरांत पोहोचली आणि याच दोन गुणांमुळे तिच्यातील श्रम अदृश्य राहिले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

आयर्लंड : दुष्काळ आणि क्रोशा

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा रोग पडला. १८५२ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. या काळात कॉर्क परिसरातील जोगिणींच्या मठांनी आणि मोनॅहन परगण्यातील क्लोन्स येथे धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड यांनी स्त्रियांना क्रोशा शिकविण्याचे काम हाती घेतले. सुईची किंवा फिरक्यांची पारंपरिक लेस शिकण्यास दीर्घ काळ लागतो. क्रोशा त्या मानाने लवकर हाती येतो व काम झपाट्याने होते. उपाशी कुटुंबाला वर्षानुवर्षांचे शिक्षण परवडणारे नव्हते.

आयरिश क्रोशाच्या उगमाचे श्रेय पुष्कळदा रिएगो यांच्या पुस्तिकांना दिले जाते. त्यांचे कार्य मोठे आहे, हे मान्यच आहे. परंतु पुस्तिकेतील नमुना हाताने उतरवून, त्याला स्थानिक वळण देऊन पोट भरण्याचे साधन बनविणाऱ्या स्त्रियांची नावे इतिहासात नाहीत. या कामात गुलाब, त्रिदल, द्राक्षघोस अशी फुले-पाने सुटी विणली जात. उठाव येण्यासाठी ती जाड दोऱ्यावर विणत. मधले कडे करण्यासाठी दोरा एखाद्या काडीभोवती अनेकदा गुंडाळून घेत. पुढे ही सुटी फुले कापडावरील आराखड्यावर पालथी टाचून जाळीने जोडली जात. पुष्कळ ठिकाणी एक स्त्री एकच फूल विणी व जोडण्याचे काम दुसरीकडे असे. यामुळे हाताचा वेग वाढला. त्याचबरोबर संपूर्ण वस्तूचे ज्ञान आणि तिची बाजारातील किंमत या दोन्ही गोष्टी फूल विणणारीपासून दूर राहिल्या.

नरसापूर : परसदारातील जागतिक बाजार

भारतातील समांतर उदाहरण आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूरचे आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी गोदावरीच्या खोऱ्यात लेसकाम शिकविले. कालांतराने मध्यस्थ व निर्यातदारांच्या हाती जाऊन त्याचा मोठा व्यवसाय झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस (१९३१–२०२३) यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या व्यवसायाचे अंतरंग उलगडले. येथेही फुले विणणाऱ्या व ती जोडणाऱ्या स्त्रिया वेगळ्या होत्या. घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांकडे ‘फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ म्हणूनच पाहिले जाई. कामगार म्हणून त्यांची गणना होत नसे आणि मोबदलाही त्याच हिशेबाने ठरे. हा माल मात्र परदेशी बाजारपेठेत जात होता.

२०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. ही घटना स्वागतार्ह आहे. मात्र मानांकन स्थळाच्या नावाचे रक्षण करते; विणणारीच्या मजुरीचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

मराठी घरातील क्रोशा

महाराष्ट्रात क्रोशाची प्रतिष्ठेची जागा रुखवतात आहे. दारावरचे तोरण, ताटावरचे रुमाल, बाळाची टोपी व मोजे यांतून वधूचे व तिच्या माहेरच्या स्त्रियांचे कसब मांडले जाते. येथे वस्तू विकली जात नाही, म्हणून नरसापूरसारखे शोषण येथे होते असे म्हणता येणार नाही. परंतु शब्दांचे साम्य विचार करण्याजोगे आहे. तेथे ‘फावला वेळ’, येथे ‘हौस’. सहा महिने डोळे ताणून केलेल्या कामाला हौस म्हटले, की त्याचे तास मोजण्याची गरज उरत नाही. त्या कामातील आनंद खरा आहे आणि श्रमही खरे आहेत. इतिहासलेखनाने दोहोंची नोंद घ्यावयास हवी.

निष्कर्ष

१. क्रोशातील नित्याच्या सूचना हे अनुभवसिद्ध तांत्रिक ज्ञान असून त्यांना ऐतिहासिक साधनाचा दर्जा देता येतो.
२. हे ज्ञान छापून सांगणाऱ्यांची नावे टिकली. ते रोज वापरून संसार चालविणाऱ्यांची टिकली नाहीत.
३. काम केव्हाही थांबविता येण्याची सोय ही क्रोशाची शक्ती आहे. त्याच सोयीमुळे ते काम ‘काम’ म्हणून मोजले गेले नाही.

समारोप

क्रोशाची वीण यंत्रावर मोठ्या व्यापारी प्रमाणात उतरविणे आजवर साधलेले नाही. याचा अर्थ, खऱ्या क्रोशाची जी वस्तू बाजारात दिसते, ती कोणाच्या तरी हातून टाका टाका करून गेलेली असते. तिची किंमत अगदी अल्प असेल, तर विणणारीला त्यातून काय मिळाले असेल, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची आवश्यकता नाही. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील वृद्ध स्त्रियांकडील नमुने, संज्ञा व सूचना त्यांच्या नावांसह नोंदविल्यास मौखिक इतिहासाचे मोलाचे साधन उपलब्ध होईल. हे काम फार काळ पुढे ढकलता येण्याजोगे नाही. कारण यांतील बहुतांश ज्ञान कोणत्याही वहीत नाही, ते थकत चाललेल्या हातांत आहे.