शिलेदार आणि बारगीर : दोन शब्द व दोन उपजीविका

कोणत्याही संस्थेचा आधार न घेता स्वतःच्या बळावर काम करणाऱ्या मनुष्यास मराठीत 'एकांडा शिलेदार' असे म्हणण्याचा प्रघात आहे. या संज्ञेत कौतुकाची छटा स्पष्ट आहे. 'शिलेदारा'चा जोडीदार असलेला 'बारगीर' हा शब्द मात्र आज आडनावापुरता आणि इतिहासग्रंथांपुरता उरला आहे. त्याच्या नावाने कोणाचे कौतुक होत नाही आणि कोणाची निंदाही होत नाही. सतराव्या व अठराव्या शतकांत मात्र घोड्यावर बसून पोट भरू पाहणाऱ्या मराठी तरुणापुढे जे दोन मार्ग होते, त्यांची ही दोन नावे. त्यांपैकी एकाचे नाव भाषेने गौरवाने जपले आणि दुसऱ्याचे विसरले, यावरून पहिला मार्ग सर्वथा श्रेयस्कर होता असा समज होणे स्वाभाविक आहे. त्या काळचे हिशेब पाहता हा समज टिकत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'शिलेदार' हा अरबी 'सिलाह' (शस्त्र) आणि फारसी 'दार' (बाळगणारा) यांपासून बनलेल्या 'सिलाहदार' शब्दाचा मराठी अवतार होय. मूळ अर्थ केवळ शस्त्रधारी. सुलतानी दरबारांत राजाची शस्त्रे सांभाळणारा अधिकारी या अर्थानेही तो वापरला जाई. स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा स्वार, हा मराठी राज्यात रूढ झालेला अर्थ त्या मानाने पुष्कळच विशिष्ट आहे. 'बारगीर' शब्दाची कथा अधिक विलक्षण आहे. फारसीत 'बार' म्हणजे ओझे आणि 'गीर' म्हणजे घेणारा. अर्थात प्रथम तो शब्द ओझ्याच्या जनावराचा होता. पुढे तो अशा जनावरावर बसणाऱ्या मनुष्याचा झाला आणि शेवटी दुसऱ्याने दिलेल्या घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वारास लागू पडला. जनावराचे नाव स्वारास चिकटावे, यात त्या स्वाराच्या प्रतिष्ठेविषयीचे मत दडले आहे असे कोणी म्हणेल. परंतु अर्थसंक्रमणाच्या अशा वाटा भाषेत नेहमीच आढळतात, त्यांवर फार भार देऊ नये.

याच ओघात आणखी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. बारगीर ज्या 'पागे'त असे ती पागा, आणि त्याला मिळणारा 'पगार', हे दोन शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. त्यांचे काहीही नाते नाही. पागा हा फारसी 'पायगाह'पासून आला, तर पगार हा 'देणे चुकविणे' अशा अर्थाच्या पोर्तुगीज 'पगार' या क्रियापदापासून.

आजच्या मराठीत 'नोकरी' आणि 'स्वतंत्र धंदा' हे परस्परविरोधी शब्द आहेत. शिलेदाराच्या काळी हा विरोध असा नव्हता. शिलेदारही नोकरीच करी, आणि ती करण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. 'नोकर' हा शब्द मूळ मंगोल भाषेतील 'नोकोर' म्हणजे साथीदार, अनुयायी, या शब्दापासून फारसीच्या द्वारे आला. त्याला हलकेपणा आला तो उत्तरकाळात. डर्क कोल्फ यांनी उत्तर भारतातील सैनिकी चाकरीवर १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील शेतकरी समाजात 'नौकरी' म्हणजे मुख्यतः घर सोडून केलेली शिपाईगिरी कशी होती, हे विस्ताराने दाखविले आहे. सारांश, भेदाची रेषा नोकरीच्या बाहेर नव्हती; ती नोकरीच्या आतून जात होती, आणि घोडा कोणाचा, या एकाच प्रश्नावर ती आखलेली होती.

या प्रश्नाचे उत्तर वेतनात दिसते. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात शिवकालीन दर दिले आहेत : बारगिरास दरमहा दोन ते पाच होन, शिलेदारास सहा ते बारा होन. वरवर पाहता शिलेदाराची प्राप्ती दुपटीहून अधिक. परंतु शिलेदाराच्या रकमेत दोन जिवांचे वेतन होते, मनुष्याचे आणि घोड्याचे. चंदी, वैरण, नाल, खोगीर, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा घोडा गेल्यावर दुसरा घेण्यासाठी बाजूस काढावयाची रक्कम, हे सर्व त्यातूनच भागवायचे. बारगिराच्या दोन होनांमागे अशी कोणतीच वजावट नव्हती. सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत पागेची रचना येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या प्रत्येक पंचविसांमागे पाण्यासाठी एक पखाली व नालांसाठी एक नालबंद सरकारातून नेमलेला. शिलेदाराच्या खर्चाच्या यादीतील दोन बाबी येथे आपोआप गळून पडल्या.

घोड्याची काळजी कोण वाहतो, हे शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार-हवालदारांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात फार स्पष्ट दिसते. पावसाळा जवळ आला आहे, साठविलेले दाणावैरण आताच मनास येईल तसे उधळले तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग लोक कुणब्यांस उपद्रव देऊ लागतील, अशी चिंता त्यात आहे. रात्री दिवा तसाच ठेवल्यास उंदीर पेटती वात नेऊन गवत जाळील, इतक्या बारकाव्यापर्यंत पत्र जाते. रयतेच्या कळकळीसाठी हे पत्र नेहमी उद्धृत होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहावी. बारगिराच्या घोड्याच्या वैरणीची विवंचना येथे खुद्द राजा करीत आहे. शिलेदाराच्या घरी ती विवंचना शिलेदारास आणि त्याच्या घरच्या माणसांसच करावी लागे.

महाराजांचा कल पागेकडे होता, हे सभासदावरून उघड आहे. पागा बळकट ठेवून शिलेदारांस पागेच्या हुकमतीत ठेवले होते. कारण सरळ आहे. ज्याचा घोडा स्वतःचा, तो मनुष्य मनात आले की उठून जाऊ शकतो. हे उठून जाण्याचे स्वातंत्र्य हाच शिलेदारीचा खरा नफा होता. दुसरा सरदार अधिक देत असेल तर त्याच्याकडे जावे, नांगरटीला घरी परतावे, दसऱ्याला पुन्हा निघावे. शिवाय पुष्कळ शिलेदारांच्या मागे गावी शेत किंवा वतन असे. मोहीम फसली तरी भाकरीची सोय उरे. स्वतंत्र व्यवसायाचे धाडस बहुधा अशा मागच्या आधारावरच उभे असते, ही गोष्ट शिलेदारांच्या पराक्रमकथांत सहसा सांगितली जात नाही. ज्याच्या मागे शेतही नाही आणि घोडाही नाही, त्याला बारगिरीखेरीज घोडदळाचे दार उघडणार तरी कसे?

संभाजी महाराजांच्या वधानंतर, म्हणजे १६८९ नंतर, चित्र पालटले. खजिना रिता, राजा जिंजीस, आणि मुलुखभर मोगल फौजा. अशा वेळी सरकारी घोडी विकत घेऊन पागा उभारणे अशक्यच होते. सरदारांनी आपापली पथके उभी केली, सरंजाम वाढले, आणि शिलेदारीला भर आला. पेशवाईत हुजुरातीची पागा होतीच; परंतु फौजेचा मोठा भाग शिलेदारांचा झाला. शिलेदार चाकरीस येताना आपले भांडवल घेऊन येतो, या गोष्टीचा अर्थ राज्याच्या बाजूने असा, की फौज उधारीवर मिळते. पगार तुंबला की हा स्वार आपोआप सरकारचा सावकार बनतो. पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रातील उद्गार या दृष्टीने बोलके आहेत. कर्जाच्या नरकात आपण पडलो असून सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजले, असा त्याचा आशय. सावकार व शिलेदार यांची नावे तेथे एका दमात येतात, हा शब्दांचा योगायोग नव्हे.

मात्र या सावकाराची स्थिती खऱ्या सावकारासारखी भक्कम नव्हती. घोडा विकत घेताना तो स्वतःच कर्ज काढी. पगार थकला तरी घोडा खायचा थांबत नाही. बारगिराचा पगार थकला तर तो उपाशी राही. शिलेदाराचा थकला तर तो उपाशी राहीच, आणि वर त्याचे भांडवल दररोज रोडावत जाई. वसुलीसाठी सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसावे लागे. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत अशा धरण्यांचे वर्णन आले आहे. लढाईत घोडा पडला तर भरपाई कराराप्रमाणे आणि धन्याच्या मर्जीप्रमाणे; ती न मिळाली तर उपजीविका एका गोळीत संपली. मराठी स्वार घोडा जपून लढतात, अशी तक्रार पुढे युरोपीय लेखकांनी केली. तिच्यातील भ्याडपणाचा आरोप सोडून द्यावा आणि हिशेब तेवढा घ्यावा. ज्याचे सारे भांडवल चार पायांवर उभे आहे, तो ते तोफेच्या तोंडी सहज देणार नाही.

या मार्गाचे टोक पेंढाऱ्यांत दिसते. त्यांना पगारच नव्हता. उलट लुटीची मुभा मिळावी म्हणून तेच सरकारात 'पालपट्टी' भरीत. दुसऱ्या टोकास गाडदी आणि महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून उभारलेली कवायती पलटणे होती. बंदूक, दारूगोळा, कवायत सर्व सरकारचे. डी बॉयनच्या पलटणींच्या लौकिकात कवायतीइतकाच वाटा नियमित पगाराचा होता, आणि त्यासाठी दुआबातील मुलूख स्वतंत्रपणे लावून देण्यात आला होता.

शिलेदारी पेशवाईबरोबर संपली नाही. १८१७ मध्ये पुण्यास उभे केलेले घोडदळ आणि उत्तरेतील अनेक अनियमित रिसाले यांनी हीच पद्धत उचलली, आणि इंग्रजी लष्करी भाषेत 'सिलादार' व 'बारगीर' हे दोन्ही शब्द गेले. या रिसाल्यांत एखादा ऐपतदार मनुष्य अनेक जागांचा धनी होऊन त्यांवर आपले बारगीर बसवी. म्हणजे एकाचे स्वातंत्र्य हीच दुसऱ्याची चाकरी. तेथे एक नवी तजवीजही दिसते. रिसाल्यातील स्वार दरमहा थोडी रक्कम 'चंदा' म्हणून जमा करीत आणि ज्याचा घोडा मेला त्याला त्यातून मदत होई. पेशवाईतील शिलेदार ज्या धोक्याने नागवला जाई, तो धोका येथे सर्वांनी वाटून घेतला. एवढी सोय असूनही पद्धत टिकली नाही. १९१४ च्या महायुद्धात घोड्यांची गरज इतकी वाढली, की नव्या स्वारांस स्वतःचा घोडा व सरंजाम मिळविणे अशक्य झाले. सरकारलाच तो पुरवावा लागला. युद्धानंतर १९२१ च्या सुमारास झालेल्या पुनर्रचनेत शिलेदारी पद्धत रद्द झाली आणि घोडदळातील प्रत्येक स्वार, जुन्या परिभाषेत बोलायचे तर, बारगीर झाला.

शब्द मात्र आपापल्या वाटेने गेले. बंगालमध्ये १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा शिरल्या, तेव्हा घोडा कोणाच्या मालकीचा हे तेथील रयतेस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने सर्वांनाच 'बर्गी' म्हटले, आणि मराठीत मागे पडलेला हा शब्द बंगाली अंगाईगीतांत आजही भीतीचा म्हणून जिवंत आहे. मराठी वृत्तपत्रांत 'शिलेदार' शब्दास अलीकडे उलटेच वळण लागले आहे. एखाद्या पुढाऱ्याचा विश्वासू, त्याला कधीही सोडून न जाणारा अनुयायी म्हणजे त्याचा 'शिलेदार'. शिवकालीन पागेच्या सरनोबतास हा अर्थ ऐकून आश्चर्य वाटले असते. सोडून जाईल या भयानेच तर शिलेदार त्याच्या हाताखाली दिला होता.